रेषेचा आलेख: कोष्टक न मांडता, चढ आणि आंतरछेद वाचून

य = (२/३)क्ष − ४ या समीकरणाचा आलेख काढायला दिला की बहुतेक वह्यांमध्ये एकच प्रकार दिसतो. चौकट आखायची, क्ष च्या जागी ०, १, २ घालायचे आणि य काढायचा. पहिली जोडी (०, −४) नीट बसते. दुसरी येते (१, −३.३३), तिसरी (२, −२.६७). आता आलेख कागदावर ३.३३ नेमकं कुठे टेकवायचं? अंदाजाने टिंब दिलं जातं, पुढचंही अंदाजानेच. मग तिन्ही बिंदू एका रेषेत येत नाहीत म्हणून पट्टी जराशी कलती धरून रेषा 'बसवली' जाते. आकडेमोड बरोबर असते, आलेख मात्र चुकतो.

हेच समीकरण नुसतं वाचून पाहा. शेवटचा −४ सांगतो की रेषा य-अक्षाला (०, −४) या बिंदूत छेदते. क्ष चा सहगुणक २/३ सांगतो की उजवीकडे ३ एकक गेलं की रेषा २ एकक वर चढते. म्हणजे (०, −४) वरून (३, −२), तिथून (६, ०). तीन बिंदू, तिन्ही पूर्णांकी, कोष्टकाशिवाय. शेवटचा बिंदू थेट क्ष-अक्षावर पडला, त्यामुळे रेषा तो अक्ष कुठे ओलांडते हेही आयतंच कळलं.

सरळ रेषेबद्दल कळण्यासारखं सगळं दोन आकड्यांत मावतं: ती कुठून निघते आणि कोणत्या दराने बदलते. य = मक्ष + क असं लिहिलं तर क हा य-आंतरछेद आणि म हा चढ. क्लासमध्ये यांनाच इंटरसेप्ट आणि स्लोप म्हणतात. अपवाद फक्त उभ्या रेषेचा, तिच्याकडे पुढे येऊच.

चढ म्हणजे दर

दोन बिंदू दिले असतील तर चढ = (य मधला फरक) ÷ (क्ष मधला फरक). बिंदू (−२, ५) आणि (४, −७) घ्या. य मधला फरक −७ − ५ = −१२, क्ष मधला फरक ४ − (−२) = ६, म्हणून चढ −२. नेहमीच्या चुका दोन. एक, ४ − (−२) चं ४ − २ करून टाकणं. मग चढ −६ येतो. दुसरी जास्त फसवी: वरती 'दुसऱ्यातून पहिला' वजा करायचा आणि खाली 'पहिल्यातून दुसरा'. आकडा बरोबर येतो, चिन्ह उलटतं. कोणता बिंदू पहिला धरायचा यावर काहीच बंधन नाही, पण वर जो क्रम घेतला तोच खाली घ्यायला हवा. उत्तर आल्यावर नजर टाका: डावीकडून उजवीकडे जाताना (−२, ५) उंचावर आहे आणि (४, −७) खाली. रेषा उतरते आहे, म्हणजे चढ ऋणच असणार. एवढी तपासणी दोन सेकंदांत होते.

ऋण चढ कागदावर उतरवतानाही असाच घोळ होतो. चढ −३/४ असेल तर उजवीकडे ४ आणि खाली ३ जायचं. किंवा डावीकडे ४ आणि वर ३. दोन्ही रस्ते एकाच रेषेवर राहतात. पण उणे चिन्ह दोघांनाही लावून डावीकडे ४ आणि खाली ३ गेलात तर चढ (−३)/(−४), म्हणजे धन ३/४ झाला, आणि रेषा भलतीकडे गेली. उणे चिन्ह एकट्या अंशाला द्या किंवा एकट्या छेदाला.

पूर्णांकी चढ आला की छेदात १ आहे असं समजा: चढ ५ म्हणजे उजवीकडे १, वर ५. दशांश असेल तर अपूर्णांक करा: ०.३५ म्हणजे ७/२०. चढ ० असेल तर रेषा आडवी, जसं य = ३. आणि क्ष = ३ ही उभी रेषा; तिच्यावरच्या कुठल्याही दोन बिंदूंत क्ष मधला फरक शून्य, म्हणून भागाकारच करता येत नाही. तिला चढ नाही. 'चढ शून्य' आणि 'चढ नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि उत्तरपत्रिकांत त्यांची सर्रास अदलाबदल होते. क्ष = ३ मध्ये य दिसत नाही म्हणून ती रेषा य-अक्षावर ३ शी काढणं ही तिची जुळी चूक. क्ष = ३ चा अर्थ शब्दांत सांगायचा तर: जिथे जिथे क्ष ३ आहे असे सगळे बिंदू. (३, ०), (३, १), (३, −५) मांडून पाहिले की रेषा उभी का हे सांगावं लागत नाही.

चढाला एकक असतं, हे शाळेत फारसं कुणी सांगत नाही. फॅरनहाइट आणि सेल्सिअसचा संबंध घ्या: फॅ = (९/५)से + ३२. आडव्या अक्षावर सेल्सिअस, उभ्यावर फॅरनहाइट. ३२ हा आंतरछेद, म्हणजे शून्य सेल्सिअसला थर्मामीटर ३२ फॅरनहाइट दाखवतो. ९/५ हा चढ, म्हणजे सेल्सिअस ५ अंशांनी वाढला की फॅरनहाइट ९ अंशांनी वाढतो. आता कोष्टक कशाला? (०, ३२), (५, ४१), (१०, ५०), (१५, ५९)... असं पायरी-पायरीने चढत ३५ ला ९५ आणि ४० ला १०४ वर पोचता येतं. मागे यायचं तर −५ ला २३, −१० ला १४. असंच उतरत गेलं की −४० ला −४० येतं, दोन्ही मापं एक आकडा दाखवतात अशी ती एकमेव जागा. य = क्ष ही रेषा त्याच कागदावर काढली तर दोन्ही रेषा तिथेच छेदतात.

समीकरण सरळ करताना

समीकरण नेहमी य = मक्ष + क या रूपात मिळत नाही. ५क्ष − २य = १० मिळालं तर आधी य ला एकटं करावं लागतं.

−२य = −५क्ष + १०
य = (५/२)क्ष − ५

दुसऱ्या ओळीवर येताना प्रत्येक पदाला −२ ने भागायचं असतं. चुका इथेच होतात: क्ष च्या सहगुणकाला भागलं जातं आणि १० तसाच राहतो, किंवा १० ला २ ने भागून + ५ लिहिलं जातं, चिन्ह विसरून. पहिल्या चुकीत रेषा (०, १०) मधून जाईल, दुसरीत (०, ५) मधून. दोन्ही वेळा चढ बरोबर असतो, म्हणून रेषा 'ठीक' दिसते, फक्त जागा बदलून समांतर सरकलेली असते. नुसतं पाहून ही चूक कळत नाही. त्यावर इलाज असा: (०, −५) वरून उजवीकडे २, वर ५ जाऊन (२, ०) आणि मग (४, ५) मिळवा, आणि यातला शेवटचा बिंदू मूळ समीकरणात घालून पाहा. ५ × ४ − २ × ५ = १०. जुळलं. तपासणी मूळ समीकरणातच करायची. सोडवलेल्या रूपात केली तर सोडवताना झालेली चूक तशीच लपून राहते.

दोन्ही आंतरछेद घेऊन

काही समीकरणांना य एकटा करायचीही गरज नसते. ३क्ष + ४य = २४ पाहा. य ला ० केलं तर क्ष = ८, क्ष ला ० केलं तर य = ६. (८, ०) आणि (०, ६) जोडले की रेषा तयार. उजवीकडचा आकडा दोन्ही सहगुणकांनी पूर्ण भागला जात असेल तर यापेक्षा झटपट मार्ग नाही.

पण ही पद्धत डोळे झाकून वापरायची नाही. ७क्ष − ५य = ३ मध्ये आंतरछेद येतात ३/७ आणि −३/५, म्हणजे साधारण ०.४३ आणि −०.६. हे बिंदू अचूक टेकवता येत नाहीतच, शिवाय ते एकमेकांच्या इतके जवळ आहेत की पेन्सिलीच्या टोकाएवढी चूकही रेषेला भलतीकडे नेते. हिशोब साधा आहे: दोन बिंदूंमध्ये १ सेंटिमीटर अंतर असेल आणि त्यातला एक अर्धा मिलिमीटर चुकला, तर त्याच रेषेवर दुसऱ्या बिंदूपासून १० सेंटिमीटर पुढे चूक ५ मिलिमीटरची होते. म्हणून बिंदू जितके लांब घेता येतील तितके घ्यावेत. इथे जरा शोधाशोध केली तर (−१, −२) सापडतो, कारण −७ + १० = ३. चढ ७/५, म्हणून तिथून उजवीकडे ५, वर ७ गेलं की (४, ५). आता दोन बिंदू चांगले लांब आणि दोन्ही पूर्णांकी.

उजवीकडे ० असेल, उदाहरणार्थ २क्ष + ३य = ०, तर दोन्ही आंतरछेद एकच बिंदू, आरंभबिंदू. एका बिंदूतून रेषा काढता येत नाही. चढ −२/३, म्हणून उजवीकडे ३, खाली २, आणि (३, −२) हा दुसरा बिंदू.

रेषेला दोन बिंदू पुरतात. तिसरा घ्यायचा तो राखणदार म्हणून. तिन्ही एका रेषेत आले नाहीत तर कुठेतरी चुकलं आहे. ते शोधायचं, पट्टी कलती करायची नाही.

प्रमाण: आलेखातली सर्वात दुर्लक्षित ओळ

शाळेच्या आलेख कागदावर मिलिमीटरचे बारीक आणि सेंटिमीटरचे ठळक चौकोन असतात. 'प्रमाण: दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक' ही ओळ कोपऱ्यात लिहिली जाते ती गुणांसाठी, आणि तिथेच तिचा विचार थांबतो. खरं तर आलेख चांगला की वाईट हे याच ओळीवर ठरतं.

दोन्ही अक्षांवरचं प्रमाण वेगळं असेल तर चढाच्या पायऱ्या चौकोन मोजून घ्यायच्या नाहीत, एकक मोजून घ्यायच्या. आडव्या अक्षावर १ सेमी = १ एकक आणि उभ्यावर १ सेमी = ५ एकक असेल, तर चढ ५ ची रेषा दर सेंटिमीटरला एकच सेंटिमीटर चढते आणि ४५ अंशांची दिसते. आकड्यात चढ ५, डोळ्यांना १. म्हणून 'रेषा तिरकी दिसते, म्हणजे बदल जोरात आहे' हे अनुमान अक्षांवरचे आकडे वाचल्याशिवाय काढूच नये. उभा अक्ष शून्याऐवजी भलत्याच आकड्यापासून सुरू करून किरकोळ वाढ डोंगराएवढी दाखवणारे आलेख रोज पाहायला मिळतात.

याचं खरं काम घाटात दिसतं. कर्जत-लोणावळा मार्गावरच्या भोर घाटात आणि कसारा-इगतपुरीच्या थळ घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ असा आहे. ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. आलेखाच्या भाषेत म = १/३७, म्हणजे सुमारे ०.०२७, आणि कोन जेमतेम दीड अंश. एवढ्या चढाला मालगाडीच्या मागून जादा इंजिनं लावावी लागतात. कोकण रेल्वेची आखणी करताना कमाल चढ १५० ला १ इतकाच ठेवला, म्हणजे सुमारे ०.००६७. बोगदे आणि पूल एवढे का लागले याचं मोठं कारण या छोट्या आकड्यात आहे. आता हे चढ दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण ठेवून काढायला बसलात तर १ सेंटिमीटर चढायला ३७ सेंटिमीटर लांबी लागेल, आणि ए-फोर कागद आडवा धरला तरी ३० सेंटिमीटर भरत नाही. म्हणून मार्गाच्या उभ्या छेदाच्या नकाशात उंचीचं प्रमाण लांबीच्या मानाने कितीतरी मोठं घेतात. त्या नकाशात घाट भिंतीसारखा दिसतो. अभियंता तिरकेपणाकडे पाहत नाही, शेजारी लिहिलेला आकडा वाचतो.

रिक्षाच्या मीटरची रेषा

मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेले दर पाहा: रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७.१४ रुपये. टॅक्सीला ३१ आणि २०.६६. हे वाचून जवळपास प्रत्येकजण समीकरण लिहितो: भाडं = १७.१४क्ष + २६. किमान भाडं म्हणजे आंतरछेद, दर म्हणजे चढ. ऐकायला अगदी पटतं.

१० किलोमीटरला या सूत्राने १९७ रुपये ४० पैसे होतात. खरं भाडं २६ + १७.१४ × ८.५, म्हणजे १७१ रुपये ६९ पैसे. जवळपास २६ रुपयांचा फरक, कारण पहिल्या दीड किलोमीटरचे पैसे सूत्राने दोनदा घेतले.

२६ रुपये हा आंतरछेद नाहीच. आलेखाचे दोन तुकडे आहेत. क्ष ० पासून १.५ पर्यंत य = २६ अशी आडवी रेषा, चढ शून्य. (१.५, २६) या बिंदूपाशी आलेख वळतो आणि तिथून १७.१४ चढाची रेषा सुरू होते. या दुसऱ्या तुकड्याचं समीकरण काढायचं तर ज्या बिंदूतून तो जातो तो वापरायचा:

य − २६ = १७.१४ (क्ष − १.५)
य = १७.१४क्ष + ०.२९

आंतरछेद २९ पैसे! म्हणजे तिरकी रेषा मागे वाढवत नेली तर ती आरंभबिंदूच्या इतकी जवळून जाते की कागदावर फरक दिसणारही नाही. टॅक्सीचं तसंच करा: ३१ − २०.६६ × १.५ = ०.०१, एक पैसा. यावरून भाड्याची रचना उघड होते. किमान भाडं ही वेगळी 'बसण्याची फी' नाही. ते त्याच दराने दीड किलोमीटरचं भाडं आहे, पूर्ण रुपयात केलेलं. दीड किलोमीटरहून कमी गेलात तरी तेवढंच द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. नुसती दरपत्रकं पाहून हे लक्षात येत नाही, रेषा मागे वाढवली की लगेच दिसतं.

इथे आणखी एक गोष्ट हाताशी येते. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत भाडं २५ टक्क्यांनी वाढतं. गुणाकाराने वाढलं की आडवा तुकडा वर जातो (३२ रुपये ५० पैसे) आणि तिरक्या तुकड्याचा चढही वाढतो (सुमारे २१.४३). रेषा जास्त खडी होते, त्यामुळे दिवसाच्या आणि रात्रीच्या भाड्यातलं अंतर लांबच्या प्रवासात वाढत जातं. याउलट सामानाचा ठरावीक आकार लागला तर तो बेरजेने लागतो: चढ तोच राहतो, सगळा आलेख उचलून वर ठेवल्यासारखा होतो आणि अंतर सगळीकडे सारखं. कुठल्याही समीकरणात 'म बदललं तर काय, क बदललं तर काय' या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. म बदललं की रेषा य-अक्षावरच्या आपल्या बिंदूभोवती फिरते, क बदललं की चढ न बदलता वर-खाली सरकते.

आलेख कुठून कुठपर्यंत काढायचा हेही प्रश्नच सांगतो. क्ष इथे अंतर आहे, म्हणून शून्याच्या डावीकडे रेषा न्यायची नाही. मघाशी मागे वाढवली ती फक्त तपासायला, तुटक रेघेने.

दोन रेषा एका कागदावर

दहावीत एकसामयिक समीकरणं, म्हणजे एकाच क्ष-य जोडीने खरी ठरणारी दोन समीकरणं, आलेखाने सोडवायला असतात. २क्ष + य = ७ आणि क्ष − य = −१ घ्या. पहिलं य = −२क्ष + ७: (०, ७) वरून उजवीकडे १, खाली २ असं उतरत (१, ५), (२, ३), (३, १). दुसरं य = क्ष + १: (०, १), (१, २), (२, ३). छेदनबिंदू (२, ३), दोन्ही मूळ समीकरणांत घालून पाहायचा: ४ + ३ = ७, २ − ३ = −१.

काढण्याआधी दोन्ही चढ पाहून घेतले तर पुढे काय होणार हे आधीच कळतं. चढ वेगळे तर रेषा एकाच बिंदूत छेदणार. चढ सारखे आणि आंतरछेद वेगळे तर रेषा समांतर, उत्तर नाही. दोन्ही सारखे तर ती एकच रेषा दोन वेशांत, उत्तरं अगणित. चढांचा गुणाकार −१ आला तर रेषा काटकोनात छेदतात. पण कागदावर काटकोन दिसेल तो दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं असेल तरच.

चढ वेगळे पण जवळजवळ सारखे असतील तेव्हा मात्र सांभाळून. चढ १/२ आणि ३/५ असलेल्या दोन रेषा फार चिंचोळ्या कोनात छेदतात. त्यातली एक १ मिलिमीटर वर काढली गेली, तर छेदनबिंदू आडव्या दिशेने किती सरकेल? चुकीला चढांच्या फरकाने भागा: १ ÷ ०.१ = १० मिलिमीटर. पूर्ण एक सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या प्रमाणात एक अख्खा एकक. अशा वेळी आलेखावरून उत्तराचा अंदाज घ्यावा आणि नेमकी किंमत बीजगणिताने काढावी. आलेखाचा कमीपणा नाही यात, पेन्सिलीच्या जाडीचा आहे.

रेषा वाकते तेव्हा

हातात समीकरण नसेल, नुसते आकडे असतील, तर ते रेषेचे आहेत का हे आधी पाहावं. क्ष सारख्या पायऱ्यांनी वाढवला की य मधले फरकही सारखे यायला हवेत. ३, ७, ११, १५ मध्ये दर वेळी ४, म्हणजे रेषा. १, ४, ९, १६ मध्ये फरक ३, ५, ७ असे वाढत जातात; ही य = क्ष² ची वक्र आहे आणि तिचा चढ जागोजाग बदलतो. वक्राच्या दोन बिंदूंमध्ये काढलेला चढ हा तेवढ्या टप्प्याचा सरासरी दर असतो, सगळ्या वक्राचा नाही.

१००० लिटरच्या टाकीतून मिनिटाला १२.५ लिटर पाणी जातं असं धरलं, तर उरलेलं पाणी य = १००० − १२.५क्ष. य-आंतरछेद १००० म्हणजे भरलेली टाकी, क्ष-आंतरछेद ८० म्हणजे टाकी ८० मिनिटांत रिकामी. पाठ्यपुस्तकी गणित इथे संपतं. खऱ्या टाकीचं मात्र तसं नाही. तळाच्या भोकातून पाणी बाहेर पडण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. सतराव्या शतकात टॉरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने हे दाखवलं. टाकी जमिनीवर असेल आणि पाणी तळाशीच सुटत असेल तर पातळी उतरते तसा वेग मंदावतो, आलेख वाकतो, आणि सरळ बाजूंच्या टाकीला रिकामं व्हायला सुरुवातीच्या चढाने सांगितलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ लागतो. ८० ऐवजी १६० मिनिटं. पण तीच मीटरभर उंचीची टाकी चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत असेल आणि नळ तळमजल्यावर, तर पाण्याची एकूण उंची समजा १३ मीटरवरून १२ मीटरवर येते. वर्गमूळ जेमतेम ४ टक्क्यांनी घटतं. तिथे सरळ रेषा बेधडक वापरावी. कुठे रेषा चालेल आणि कुठे नाही हे समीकरण सांगत नाही, त्यामागची गोष्ट सांगते.

वक्र काढतानाही आंतरछेद पहिले शोधायचे. य = क्ष² − ४क्ष + ३ मध्ये क्ष = ० घातला की (०, ३). अवयव (क्ष − १)(क्ष − ३), म्हणून क्ष-अक्षावर (१, ०) आणि (३, ०). त्या दोघांच्या बरोबर मध्ये, क्ष = २ पाशी, वक्राचा तळ: (२, −१). क्ष = ४ ला पुन्हा ३. पाच बिंदू झाले, आता ते पट्टीने जोडायचे नाहीत, हाताने गोलाईत.

आणि आलेख फलनाचा, म्हणजे प्रत्येक क्ष ला एकच य देणाऱ्या संबंधाचा, आहे की नाही हे ओळखायला उभी पट्टी पुरते. आलेखावर ती डावीकडून उजवीकडे सरकवत न्यायची. एका वेळी एकाहून जास्त ठिकाणी आलेख तिला छेदला तर ते फलन नाही, कारण एका क्ष ला दोन य झाले. वर्तुळ म्हणून बाद, आणि क्ष = ३ ही उभी रेषाही म्हणूनच बाद.

संगणकावर काढताना

जिओजेब्रा किंवा डेस्मॉसमध्ये समीकरण लिहिलं की आलेख समोर येतो. सरकपट्टी जोडून म आणि क हलवून पाहिले की वर सांगितलेलं फिरणं आणि सरकणं डोळ्यांनी दिसतं. फक्त झूम करताना दोन अक्षांचं प्रमाण वेगवेगळं झालं तर काटकोन काटकोन दिसत नाहीत.

एक्सेलमध्ये मात्र एक सापळा आहे. 'लाइन चार्ट' काढून त्याच्या आडव्या अक्षाला क्ष चा रकाना दिला, तर एक्सेल क्ष च्या आकड्यांना आकडे मानत नाही, नुसती नावं मानतं आणि सगळी सारख्या अंतरावर मांडतं. क्ष च्या किमती १, २, ५, १० असतील तर १ ते २ आणि ५ ते १० ही दोन्ही अंतरं सारखीच दिसतात, आणि सरळ रेषेचाही आलेख वाकडा येतो. समीकरणाच्या आलेखाला 'स्कॅटर' हाच प्रकार निवडायचा. चढ आणि आंतरछेद काढायला एक्सेलमध्ये स्लोप आणि इंटरसेप्ट अशी दोन तयार सूत्रं आहेत, पण दोन्हींत आधी य चा रकाना द्यायचा आणि मग क्ष चा. उलट दिलात तर एक्सेल तक्रार करत नाही, गुपचूप वेगळ्याच रेषेचा चढ देतं: सगळे बिंदू एका रेषेवर असतील तर ४ ऐवजी १/४.